यादीत लागायचं नाव

सून संगणकापुढे बसली की अळणावरच्या बहिणीचा फोन लागत नाही, हे कुसुमावतीबाईंनी दिराला आज तिसऱ्यांदा सांगितलं. सून, वेदश्री, चहाचा ट्रे घेऊन समोरच उभी होती. तिनं ऐकावं म्हणूनच सांगितलं.

‘एकच तार घरात. बोलायचं तरी, नाहीतर हिचं ते इंटरनेट तरी. बहिणीचा पाय मोडला ते मला चौथ्या दिवशी पत्रानं कळलं. दुपारी दोनला बसते ती चारला उठते, दिवाळीपासून. पगार नाही, काही नाही. कुणासाठी करतेस विचारलं तर म्हणते, सगळ्यांसाठी. ही काय रस्त्यावरचा नळ आहे?’

यशवंतराव हसले. ते देशपांडे नगराहून आले होते वेगळ्याच कामाला. पुतण्यानं, महेशनं, आनंदाची बातमी सांगायला बोलावलं होतं.

बातमी अशी. इंटरनेटवरची पानं ज्यातून बघतात तो एक ब्राउझर. देशोदेशीचे लोक मिळून तो फुकट बनवतात. कुणीही उघडावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. त्यात अक्षर मोठं केलं की कन्नड-मराठीच्या ओळी एकमेकींवर चढायच्या. ती दुरुस्ती हुबळीच्या ह्या विद्यानगरातल्या घरातून गेली आणि तिकडच्यांनी ती घेतली. आता ब्राउझर बनवणाऱ्यांच्या यादीत नाव लागणार होतं. महेशचं.

‘हे बघा पत्र.’ महेशनं छापलेला कागद पुढे केला. ‘नावात काही बदल असेल तर आजच कळवा म्हणतात. बदल कसला? बेंगळूरच्या इंटरव्ह्यूला हेच पुढं ठेवणार मी.’

‘शाब्बास,’ यशवंतराव म्हणाले. ‘नेमकं बिघडलं काय होतं रे?’

‘ते टेक्निकल असतंय काका. तुम्हाला नाही कळायचं.’

कुसुमावतीबाईंचा अडकित्ता थांबला. घरादाराच्या त्या अक्का. शाळा दोनच यत्ता. पण काय बिघडलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. माघातल्या संकष्टीला कुकर करपला, तेव्हा त्या सुनेच्या डोक्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. असं काय जळतंय तुझं तिथं, म्हणून. वेदश्रीनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं होतं. ओळीची उंची ह्यांनी इंग्रजी अक्षर धरून मोजलीय, अक्का. आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार. जागा पुरत नाही, म्हणून वरचीच्या पायावर खालचीचं डोकं आपटतंय.

करपलेला कुकर अक्का विसरल्या नव्हत्या, म्हणून हेही विसरल्या नव्हत्या. सुनेची एकूण एक चूक त्यांना तिथीवार पाठ होती. रथसप्तमीला दूध उतू गेलं, त्या दिवशी तिचं काम तिकडून पहिल्यांदा परत आलं. होळीला पुरण लागलं, तेव्हा दुसऱ्यांदा. असं चारदा परत आलं आणि चारही वेळा अक्कांना बरं वाटलं होतं. पाचव्यांदा ती स्वयंपाकघरात एकटीच हसत होती. त्या दिवशी काढायला एकही चूक सापडली नाही, म्हणून तो दिवसही लक्षात.

‘महेश,’ अक्का म्हणाल्या, ‘त्या खुर्चीवर तू कधी बसलास?’

महेशनं काकांकडे बघितलं. ‘मेलचा पत्ता माझ्या नावाचा आहे, अक्का. तिनं त्यावरनंच पाठवलं सगळं. घर एकच की. कुणाचं का नाव लागेना. तिला चालतंय. काय गं?’

‘चालतंय,’ वेदश्री ट्रेकडे बघत म्हणाली.

सकाळी हीच बाई त्या संगणकावर तीनदा काहीतरी लिहून तीनदा पुसत होती. अक्कांनी देवघरातून बघितलं होतं. काय पुसायलीय, ते आता कळलं.

‘जाऊ दे वहिनी,’ यशवंतराव म्हणाले. ‘नवरा-बायकोतलं आहे.’

‘साकु,’ अक्का कानडीत म्हणाल्या. ‘पुरे.’

त्या उठल्या. चार वाजायला आले होते आणि चारला बहिणीचा फोन यायचा होता. त्यांनी फोनची तार ओढून काढली आणि संगणकाच्या मागच्या डबीत खुपसली. कुठे खुपसायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दिवाळीपासून डोळ्यांत तेल घालून त्या तेच तर बघत होत्या.

मग खुर्ची ओढून त्या सुनेकडे वळल्या.

‘बस इथं. आणि लवकर आटप, माझी बहीण खोळंबेल. दिवाळीपासून माझ्या शिव्या खाल्ल्यास तू. नाव लावून घ्यायला हा कोण?’