शून्य कचऱ्याचं घर

सकाळी साडेनऊ वाजता प्रभाग कार्यालयाचे अधिकारी पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र आणि फोटोग्राफर घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या दारासमोर उभे राहिले. प्रभागाच्या 'शून्य कचरा' स्पर्धेच्या तिन्ही दिवसांत या घरातून चिमूटभरही कचरा आला नव्हता. एकटे राहणारे निवृत्त मास्तर प्रभागात पहिले आले होते. बेल तीनदा वाजवून झाली.

"साहेब, दार उघडेपर्यंत हसतच राहायचं का?" फोटोग्राफरने विचारलं.

"गावाला गेले असतील," अधिकारी म्हणाले.

कचरा गोळा करणाऱ्या मावशी तेवढ्यात जिना चढून आल्या. "गावाला जाताना मास्तर बादली धुऊन दाराबाहेर पालथी घालतात. मी उगाच हाका मारू नयेत म्हणून. कुठंय बादली?"

दाराबाहेर फक्त पायपुसणं होतं.

"मग आधी सांगायचं नाही का?" अधिकारी म्हणाले.

"परवापासून सांगतेय. मुकादम म्हणाले, कचरा नाही, हे तर चांगलंच आहे."

दहा वाजून दहा मिनिटांनी कुलूपवाला आला. शेवटचं वृत्त हाती आलं, तेव्हा तो कुलपाचा दुसरा स्क्रू काढत होता आणि कार्यालयाबाहेरच्या फलकावर मास्तरांचं नाव पहिलं होतं.