गाडी खाली

मुलांनो, कल्पना करा. टीव्हीवर शहराशहरांच्या संघांची रेसिंग लीग चालू आहे. गाडीत एकच माणूस मावतो. निळी गाडी तुमची आई चालवतेय. उज्जैनच्या माधवनगरात केतकी अशीच टीव्हीसमोर बसली होती, शेजारी कालच साताऱ्याहून आलेली आजी. अचानक निळी गाडी भिंतीवर आदळून उलटली. पडदाभर धूर झाला. समालोचक हिंदीत ओरडला, “गाड़ी खाली है!” आजीने ऊर बडवला. “अगं बाई, माझी लेक गाडीखाली?” “नाही गं आजी!” केतकी म्हणाली. “हिंदीत खाली म्हणजे रिकामी. आई दबली नाहीये.” “पावलास रे खंडोबा!” म्हणत आजीने तिला कुशीत ओढलं. पण केतकीने कुशीतूनच मान वळवून पडद्याकडे पाहिलं. गाडी रिकामी, मग आई कुठाय? धुरातून कुणीच बाहेर येत नव्हतं. प्रश्न गिळून, धुरावरची नजर न हटवता, ती फ्रॉकने आजीचे डोळे पुसत राहिली.