पाळण्यातलं दुपटं

पारतंत्र्याच्या दिवसांवरच्या चित्रप्रदर्शनात एका चित्रापुढून लोक हलेनात. पाळण्यात बाळ, बाळाखाली दुपटं, आणि तोंड वाकडं करून मागे सरलेला गोरा फौजदार. "सत्तेचा तिटकारा अचूक टिपलाय," एक जाणकार म्हणाला. म्हातारी चित्रकार गालातल्या गालात हसली. तेवढ्यात तिच्या जुन्या शेजारणीचा मुलगा, आता तोही म्हातारा, काठी टेकत आला. "बाळ्या, हा तू," ती म्हणाली. "झडती आली तेव्हा माझ्या वडिलांची चोरून छापलेली पत्रकं तुझ्या आईने दुपट्याखाली दडवली आणि वर तुला निजवलं. फौजदाराने दुपटं चाचपलं आणि हात झटकत निघून गेला. वडील वाचले." "पण ताई, मी काय केलं?" "तान्ही बाळं करतात तेच. पण अगदी ऐन वेळी केलंस!" दालन खदखदून हसलं. हसू ओसरलं, तशी तिने त्याच्यापुढे हात जोडले. "आमच्यासाठी तुझ्या आईने पोटचं पोर पुढे केलं रे!"