अठ्ठ्याऐंशीची की चौऱ्याण्णवची

जुन्या गाड्यांच्या आवारात अकरा मोटारसायकली होत्या. त्यांतल्या तीन बुलेट, आणि तीनपैकी एकीला पुढचं चाक नव्हतं. म्हणजे निवड दोहोंतून होती: अठ्ठ्याऐंशी सालची काळी स्टँडर्ड आणि चौऱ्याण्णव सालची डिलक्स. डिलक्सची टाकी क्रोमची होती. बारामतीहून इंदापूरकडे जाणारा प्रत्येक ट्रक तिच्यात वाकडा होऊन दिसत होता.

प्रतिक्षाने वहीत दोन रकाने आखले होते. साल, किलोमीटर, टायर, सीट, इंजिनाचा आवाज, अशा आठ बाबी. सहांमध्ये डिलक्स सरस होती. काळीच्या मीटरवर एकेचाळीस हजार किलोमीटर होते, डिलक्सच्या मीटरवर एकोणीस हजार.

"डिलक्सच घेऊ, आबा," ती वडिलांना, बिरूला, म्हणाली. "सहा वर्षांनी नवी हाय. तुमी हिच्यावरनं मेंढरांच्या तळावर गेला की समदी उठून बघतील."

"शिकल्याली पोरगी हाय, तात्या," गाड्यांचा दलाल सावळाराम म्हणाला. "तिचं ऐका. काळी म्हंजी दूधवाल्याची गाडी. ही पाटलाची."

वरकुट्याहून त्यांचा मेंढ्यांचा कळप दरवर्षी दिवाळीनंतर कोकणात उतरायचा आणि सव्वीस वर्षं बिरू कळपाच्या एक दिवस पुढे चालत आला होता. पुढच्या मुक्कामाला मेंढ्या कोणाच्या रानात बसवायच्या, पाणी कुठं आहे, हे ठरवणं त्याचं काम. गुडघा गेल्यावर दोन वर्षं कळप त्याच्याशिवाय गेला. यंदा कळप आठ दिवसांनी निघणार होता आणि बिरू पुन्हा पुढे जाणार होता, मोटारसायकलवर. गाडी घाटात बंद पडली, तर मागून येणाऱ्या तीनशे मेंढ्यांना रात्री टेकायला रान नव्हतं.

त्याने दोन्ही गाड्यांना एक एक फेरी मारली. टाकीला हात लावला नाही. मग डिलक्सच्या डाव्या अंगाला, जिथं जुन्या बुलेटचा ब्रेक असतो तिथं, तो एक पाय लांब करून खाली बसला आणि ब्रेकच्या पेडलवरून अंगठा फिरवला. बूट घसरू नये म्हणून त्या लोखंडावर आडव्या खाचा असतात. उठला, काळीपाशी तसाच बसला, तिथेही अंगठा फिरवला. पुन्हा डिलक्सपाशी आला.

"काय शोधताय, तात्या?" सावळाराम हसला. "मेंढी हाय व्हय ही, तोंड उघडून दात बघायला?"

शेजारच्या टपरीवरचे दोघे चहा घेऊन जवळ आले.

"मेंढी इकणारा वय सांगतोच," बिरू म्हणाला. "दोन दाती हाय म्हणतो. आपण जबडा उघडून बघायचा, मग त्याला चहा पाजायचा. सावळारामशेठ, ही गाडी एकुणीस हजार पळाल्याली न्हाय. पेडलाच्या खाचा पार झिजल्यात, लई पळालीया. मीटरची तार सोडून पळालीया."

"कागद बघा की! चौऱ्याण्णवची हाय."

"चौऱ्याण्णवचीच हाय. वय खोटं न्हाय. चाल खोटी हाय. काळी म्हातारी हाय, पण घरात बसून म्हातारी झालीया."

"पेडल बदललं असंल कुणीतरी."

"मग झिजल्यालं कशापायी बसवील?"

"ह्या काळीचं बदललं असंल की! नवं घातलं असंल."

"बोल्टवरचा रंग बघा. कारखान्यातनं आला तसा हाय. पाना लागल्यालाच न्हाय त्याला."

टपरीवरच्यांपैकी एकजण वाकून बोल्ट बघून आला आणि त्याने मान डोलावली. सावळाराम प्रतिक्षाकडे वळला.

"ताई, तुमी तरी सांगा. अंगठ्यावर गाडी घ्यायची आसती का? उद्या म्हणतील, वास घेऊन घ्या."

प्रतिक्षा वहीकडे बघत होती. किलोमीटरचा रकाना तिने स्वतः लिहिला होता, मीटर वाचून. मीटर खरं बोलतं का, ही बाब तिच्या आठांमध्ये नव्हती.

"आबा, खाचांत किती फरक हाय?"

"चौपट."

"अंदाजानं?"

"अंगठ्यानं."

सावळाराम टपरीवाल्यांकडे बघून मोठ्याने हसला. "चौपट! सव्वातीनपट न्हाय, पाचपट न्हाय!"

"हसू नगा," बिरू म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो ताठ उभा राहिला होता. "पोरगी माझी वालचंदनगरच्या कारखान्यात माल तपासती. तिनं न्हाय म्हटलं की दोन टनाचा गिअर बी माघारी जातो. तिला ठरवू द्या. गाडी तिच्या पगाराची हाय. ती म्हणंल ती मी चालवीन, पर मोजल्याबिगर म्हणायचं न्हाय."

प्रतिक्षाने वही मिटली. खांद्याच्या पिशवीतून कामावरचा व्हर्नियर, बारीक मापं घ्यायची सरकपट्टी, काढला, ओढणीने जबडे पुसले, शून्य जुळतं का ते पाहिलं. मग ड्रेसची पर्वा न करता मातीत गुडघे टेकले. खाचेतला मळ तिने केसांतल्या पिनेने काढला आणि व्हर्नियरची मागची, खोली मोजायची बारीक पट्टी खाचेत उतरवली. प्रत्येक पेडलच्या तीन खाचा तिने मोजल्या, प्रत्येक तीनदा. टपरीवरच्यांचा चहा तसाच निवत होता.

ती उठली. कोणाकडे न बघता, कामावर वाचतात तसं तिने आकडे वाचले.

"डिलक्सची खाच, सरासरी शून्य पूर्णांक तीस मिलिमीटर. काळीची, एक पूर्णांक बावीस. म्हणजे चौपट."