थर्मासमधला बर्फ

रांग संपली तरी एक मुलगी दारातच उभी होती. सातवीतली, वयाच्या मानानं उंच. पोटाशी थर्मास घट्ट धरलेला.

“ये गं. सुई आहे, तलवार नाही,” नर्सबाई म्हणाल्या.

शाळाशाळांतून लस टोचत फिरणाऱ्या या बाईंना पोरी सुईबाईच म्हणायच्या. बोलण्यात बाई कुणाला हार जायच्या नाहीत. आठवड्यापूर्वी याच वर्गात त्यांनी गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर म्हणजे काय, ही लस त्याला कशी अडवते, ते हसतखेळत समजावलं होतं. लस भारी नखरेल, बर्फाच्या पेटीबाहेर राहिली की कामातून गेली, हेही सांगितलं होतं. पोरी पोट धरधरून हसल्या होत्या. आपलं बोलणं पोरींच्या डोक्यात शिरलं, म्हणून बाई खूश होत्या.

मुलीनं थर्मास टेबलावर ठेवून उघडला. आत काठोकाठ बर्फ.

“माझी लस यात द्या,” ती म्हणाली. “आईला नेते. शेजारचे कंपाउंडरकाका टोचतील.”

बाईंनी विचारलं, “काय झालंय आईला?”

“तुम्ही सांगितलात तोच. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. आईला वाटतं, बरी होत आलीय म्हणून घरी पाठवलं.”

इतकं सगळं सांगितलं, नेमकं एवढंच सांगायचं राहिलं होतं. आता ते हिला एकटीला सांगायचं बाईंच्या जिवावर आलं. त्यांनी स्टूल ओढून तिला जवळ बसवलं.

“बाळा, ही लस आजार व्हायच्या आधीची. झाल्यावर तिचा उपयोग नाही गं.”

“थोडासुद्धा?”

“थोडासुद्धा.”

मुलगी बर्फाकडे बघत राहिली. “मग आई शाळेत होती तेव्हा का नाही आलात?”

“तेव्हा ही लसच नव्हती.”

तिनं आपणहून बाही वर केली. सुई आत गेली तरी हात हलला नाही. डोळे भरून आले ते बाईंचे. कापूस दाबून धरताना त्यांना कसंबसं विचारता आलं, “आईला ठाऊक आहे, तू लस न्यायला आलीयस ते?”

“बर्फ तिनंच भरलाय. वाट बघत बसली असेल.”

रक्त थांबलं होतं, तरी बाई कापूस दाबूनच बसल्या.

“मी सांगेन, आज लस संपली. पुढच्या वेळी मिळेल,” मुलगीच म्हणाली. “पुढची कधी असते?”

“सहा महिन्यांनी.”

तिनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

“मग चालेल. एवढं खोटं पुरेल आईला.”