सात मिलिमीटरची नळी

पोलीस डेप्युटी रॉस मॅकेंड्री अंगणात गाडीतून उतरला आणि त्यानं टोपी काढली. तेव्हाच ऑर्विल स्टेनरुडला कळलं, की त्याची बायको मर्ना सापडली आणि जिवंत सापडली नाही.

कुंपणाची तार बघायला म्हणून ती सकाळी गेली होती. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, खांबाला टेकून बसलेली सापडली. हातात पक्कड होती. डोक्यावर शिकाऱ्यांना लांबून दिसावी अशी नारिंगी टोपीही होती. शिकारीच्या दिवसांत ती टोपी घातल्याशिवाय मर्ना गोठ्यापर्यंतसुद्धा जात नसे.

त्यांची मुलगी ब्रिटा दारात उभी होती. ती तिथंच खाली बसली.

दफन झाल्यावर मॅकेंड्री पुन्हा आला. ब्रिटा गुरांना चारा घालायला गेली होती. शेजारणींनी आणून दिलेलं जेवण ओट्यावर तसंच झाकलेलं होतं. ऑर्विलनं त्याला कॉफी दिली.

"गोळी सात मिलिमीटरची आहे," मॅकेंड्री म्हणाला. "वरून आली. अलीकडच्या बाजूनं कोणीतरी डोंगराच्या धारेवर उभ्या जनावरावर झाडली. मागं नुसतं आभाळ. गोळी धार ओलांडून पलीकडे उतरली."

"म्हणजे झाडणाऱ्याला माहीतही नसेल."

"नसेलही. पण पोरांच्या हाती बंदूक देताना आपण पहिलं काय सांगतो? धारेवरच्या जनावरावर गोळी झाडायची नाही. या गाढवाला कोणी शिकवलं नसेल."

"शिकवलं असेल," ऑर्विल म्हणाला.

"हे धारेचं अजून कुणापाशी बोललो नाही. तुम्हीही बोलू नका. शनिवारी खोऱ्यातल्या सगळ्या सात मिलिमीटरच्या बंदुका आगीच्या बंबाच्या शेडमध्ये मागवल्यात. टाकीच्या पाण्यात एकेक गोळी झाडून बघायची. प्रत्येक नळी गोळीवर आपला ओरखडा उठवते. जुळला की माणूस सापडला."

"मग?"

"मग कोर्ट बघेल. पण उरलेल्या जन्मात त्याला झोप लागायची नाही, एवढं खरं."

दुसऱ्या दिवशी ऑर्विल लूथर प्रेंटिसच्या दुकानात गेला. खोऱ्यात हिवाळ्यात निम्मे लोक घरीच बंदुका जुळवत, आणि सुटे भाग लूथरकडून नेत. दोघं लहानपणापासूनचे मित्र.

"बंदूक जुळवायची म्हणतोय," ऑर्विल म्हणाला.

"चांगलंय. हात गुंतलेले बरे." लूथरनं त्याच्यासाठी स्टूल ओढलं. "काय मारायचंय? एल्कसारख्या थोराड जनावरासाठी असेल तर मोठं माप घे. नुसतं हरीण असेल तर सहाचं. धक्का कमी बसतो. या वयात तुझा खांदा म्हणजे सुकं लाकूड."

"सात मिलिमीटर."



"दुसरं काहीही घे, ऑर्विल. शंभर मापं आहेत."

"सातच."

"दस्ता कोणता? अक्रोडाचा आलाय, बघ तरी."

"दस्ता आहे. चाप आहे. दुर्बीणही आहे. फक्त नळी दे. बावीस इंची, बारीक. आणि चमक नको. वापरलेली दिसेल अशी कर."

"नवी नळी, आणि जुनी दिसायला हवी? लग्नाला उभा राहून कोणी म्हातारी नवरी मागतं का?"

ऑर्विल हसला नाही. मग लूथरनंही दाराची पाटी फिरवून दुकान बंद केलं आणि त्याच्यासमोर बसला.

"कोणावर संशय आहे तुझा?"

"कोणावर नाही."

"मला शिकवू नकोस. ज्या मापानं ती गेली, त्याच मापानं त्याला घालवायचं, हेच ना? शनिवारी नाव कळेल आणि रविवारी तू त्याच्या दारात उभा राहशील. तुरुंगात मरशील, म्हाताऱ्या. ब्रिटाचा विचार कर. तिला आता तुझ्याशिवाय कोण आहे?"

"तिचाच विचार करतोय."

लूथरनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग उठून मागच्या खोलीत गेला आणि नळी घेऊन आला. "मी दिली नाही तर दुसरा देईल," तो म्हणाला. "पण मर्ना माझीही मैत्रीण होती. एवढं लक्षात ठेव."

ऑर्विल दोन दिवस गोठ्यामागच्या शेडमध्ये दार लावून बसला. ब्रिटानं दारावर थापा मारल्या.

"बाबा, लूथरकाकांचा फोन आला होता. तू कोणाला मारणार आहेस का?"

"नाही."

"आईची शपथ घे."

त्यानं शपथ घेतली. ती दाराला टेकून रडली. त्यानं आतूनच दारावर हात ठेवला, पण कडी काढली नाही.

शनिवारी दोघं बंबाच्या शेडमध्ये गेले. रांग मोठी होती. लोक एकमेकांच्या बंदुकांकडे बघत होते, माणसांकडे बघत नव्हते. लूथर भिंतीशी उभा होता. ऑर्विलनं दोन बंदुका टेबलावर ठेवल्या, एक स्वतःची, एक ब्रिटाची. नवी जुळवलेली तिसरी नाही हे पाहून लूथरनं डोळे मिटले आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

दुपारी मॅकेंड्री बाहेर आला. एकही नळी जुळली नव्हती.

"बाहेरचा कोणी शिकारी असेल," तो म्हणाला. "माफ करा, ऑर्विल. मी खूप आशा धरली होती."

घरी जाताना ब्रिटानं आपली बंदूक मांडीवर घेतली होती. तिनं नळीवरून बोट फिरवलं.

"ही माझी नळी नाही."

"जुनी आतून गंजली होती," ऑर्विल रस्त्याकडे बघत म्हणाला. "बदलली."

"म्हणजे शेडमध्ये दार लावून हे चाललं होतं? आणि मी काय काय मनात आणलं!" ती कितीतरी दिवसांनी हसली. मग खिडकीतून डोंगराकडे बघत राहिली.

"बाबा, उद्या माझ्याबरोबर येशील? त्या सकाळी मी धारेवरचं हरीण टिपलं होतं, तुला सांगितलं होतं ना? जखमी जनावर असं सोडू नये, तूच म्हणतोस. मग आईचं झालं, आणि ते शोधायचं राहूनच गेलं."