फोटोतले हसू

चालू वर्षाच्या फेब्रुवारी महिन्यात, एका सोमवारी सकाळी, अकोला जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यातील एका शाळेच्या व्हरांड्यात, सातवीतल्या करिश्माने हसण्यास नकार दिला.

डॉ. गजेंद्रने कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला. तो अमरावतीहून आला होता. मुलांच्या दंतवैद्यकावर त्याचा प्रबंध चालू होता.

"हास न व," तो म्हणाला. "मांगच्या खेपेले तर तुले आवरत नव्हतं."

करिश्माने ओढणीचे टोक तोंडावर ओढले आणि नुसती मान हलवली.

मागची खेप पावसाळ्यातली. गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड अधिक. त्यामुळे झाडून साऱ्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग. असे दात असलेली मुले हसू चोरतात, लाजतात, मागे पडतात, असे गजेंद्रचे प्रतिपादन होते आणि त्यावरच त्याचा प्रबंध उभा होता. परंतु मुलांनी त्याला साथ दिली नाही. "हासताना तोंडावर हात ठेवतेस का?" असे त्याने करिश्माला विचारले, तेव्हा ती म्हणाली होती, "हात ठेवून कोनी हासते का, साहेब? मंग हासनं दिसन कसं?" सारा वर्ग खिदळला. एकजात तपकिरी दात उन्हात चमकले. अमरावतीत मार्गदर्शक बाईंनी निष्कर्ष वाचले आणि चष्मा काढून विचारले, "मुलांना दुःखच नाही, मग तुमच्या प्रबंधाला विषय तरी कोणता?"

गजेंद्र मात्र मुलांचे उपकार विसरणारा नव्हता. संशोधनाच्या रीतीप्रमाणे त्याने प्रत्येक मुलाच्या फोटोतले हसू संगणकावर सुधारले होते: डाग पुसले, फटी बुजवल्या, वाकडा दात सरळ केला. मूळ आणि सुधारलेले अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मुलांची पसंती विचारायची, एवढाच त्या चित्रांचा उपयोग. काम आटोपल्यावर ती टाकून देणे त्याच्या जिवावर आले. त्याने सुधारलेली चित्रे मोठी करून छापली, वर प्लास्टिक चढवले आणि घरोघरी भेट म्हणून धाडली. गावाने त्याला दुवा दिला.

आज दुसरी फेरी होती. एकेक मूल समोर येई, ओठ घट्ट मिटून उभे राही. हसताना तोंडावर हात ठेवतोस का? हो. चारचौघांत हसायला संकोच वाटतो का? हो. ज्या उत्तरांसाठी तो पावसाळाभर तळमळला होता, ती आता न मागता मिळत होती. प्रबंध सिद्ध झाला होता. बाईंना आता बोलायला जागा उरणार नव्हती.

मग त्याचा जीव थाऱ्यावर का नव्हता? त्याने पुसलेली लेन्स पुन्हा पुसली. तो व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालू लागला. पाणी तेच, दात तेच, डागही तेच. मुले मोठी झाली म्हणावे, तर चौथीतली चिमुरडीही तोंड झाकत होती. मोबाईलला दोष द्यावा, तर तो पावसाळ्यातही घरोघर होताच. कारणावाचून परिणाम संभवत नाही, एवढे शास्त्र त्याला ठाऊक होते. आणि कारण काही केल्या हाती लागत नव्हते.

मधल्या सुट्टीत तो करिश्माच्या घरी गेला. तिची आई सुभद्राबाई ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती. समोरच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, त्याने दिलेला फोटो होता. त्यातली करिश्मा मनमोकळी हसत होती. दात पांढरेशुभ्र, एका ओळीत. गजेंद्रला अंमळ बरे वाटले.

"काकू, करिश्माले अमरावतीले पाठवा," तो म्हणाला. "तिचे दात या फोटोसारखे करून देतो. तुमाले काही खर्च नाही."

सुभद्राबाईंचे सूप थांबले. "आन बाकीच्या पोट्ट्यायचे?"

उपचाराची सोय एकाच मुलापुरती होती. गजेंद्रने विषय बदलला आणि सकाळपासून छळणारा प्रश्न विचारून टाकला. "काकू, हे पोट्टे असे काहून झाले? कोनी चिडवलं का त्यायले?"

"चिडवाले कायले लागते?" सुभद्राबाई म्हणाल्या. "पाव्हने येतात. फोटो पायतात. 'कोन व हे पोरगी?' म्हनतात. मी सांगतो, माई करिश्मा हाय. मंग थे एकडाव पोरीकडे पायतात, एकडाव फोटोकडे. बोलत काईच नाहीत. घरोघरी असंच चालू हाय."

"आन करिश्मा?"

"आरशापुढं उभी रायते. फोटोतल्यावानी हासून पायते. मंग तोंड मिटून घेते."

गजेंद्रची नजर भिंतीवर गेली आणि तिथून हलेना. त्याने चाचरत, जणू अजून वाद घालता येईल अशा आशेने, म्हटले, "पन काकू, दातावर डाग तर होतेच न आधीपासून."

"होते न," सुभद्राबाईंनी सूप पुन्हा हाती घेतले. "पन तुमचे फोटो यायच्या आदी पोट्टे हासत होते."